आटपाट नगरातला नापास राजपुत्र

‘आटपाट नगर होतं, तिथं एक राजा होता,’ अशी सुरू झालेली गोष्ट शेवटी गोडच होणार, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. पण त्या नगरातला राजपुत्र परीक्षेत नापास झाला तर? आणि राजकन्येचा प्रेमभंग झाला तर? जबलपूरचे ख्यातनाम हिंदी व्यंगलेखक हरिशंकर परसाई यांच्या ‘रानी नागफनी की कहानी’ या छोटेखानी कादंबरीत नेमके हेच घडते.

गंमत सुरू होते ती नावांपासूनच. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंशा अल्ला खाँ यांनी ‘रानी केतकी की कहानी’ लिहिली. तिचा नायक उदयभान, म्हणजे उगवता सूर्य. परसाईंचा नायक अस्तभान, म्हणजे मावळता! तिथली केतकी म्हणजे सुगंधी केवडा, तर इथली नागफणी म्हणजे चक्क निवडुंग. तिची सखी करेलामुखी आणि राजपुत्राचा मित्र मुफतलाल. राजाराणीच्या प्रेमकथांच्या लांबलचक माळेतला हा जणू शेवटचा, काटेरी मणी!

अस्तभान जीव द्यायला निघतो तो नापास झाला म्हणून, नागफणी निघते ती प्रेमात फसली म्हणून. मरायला निघालेल्या या दोघांचीच गाठ पडते आणि प्रेम जमते. इथवर आपण पोट धरून हसतो. पुढे थोरली मंडळी आणि त्यांचे व्यवहार आडवे येतात आणि आपण हळूहळू गप्प होतो. कारण राजवाड्याचा पडदा बाजूला सारला की आत दिसते ते आपलेच घर! निकालाच्या धास्तीने जेवण न जाणारा मुलगा, हुंड्याचा हिशेब मांडून बसलेले वडील आणि वशिल्यावर चालणारा कारभार.

हे लिहिणाऱ्याने सुख फारसे पाहिले नव्हते. १९२४ साली होशंगाबाद जिल्ह्यातील जमानी गावी जन्मलेल्या परसाईंची आई ते शाळेत असतानाच प्लेगने गेली. पुढे त्यांनी नागपूर विद्यापीठातून हिंदीत एम.ए. केले, मास्तरकी केली आणि अखेर नोकरी सोडून केवळ लेखणीवर संसार चालवला. तोही स्वतःचा नव्हे! ते आजन्म अविवाहित राहिले. विधवा बहीण आणि तिची मुले हाच त्यांचा संसार. १९८२ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १० ऑगस्ट १९९५ रोजी जबलपुरातच त्यांचे निधन झाले.

आजही निकाल लागले की वर्तमानपत्रांत कोवळ्या मुलांच्या आत्महत्यांच्या बातम्या येतात. अस्तभानाला वाटेत नागफणी भेटली म्हणून तो वाचला. आपल्या मुलाला मात्र तितके दूर जावे लागू नये. निकालाच्या दिवशी गुणपत्रिका मागण्याआधी ‘जेवलास का?’ एवढे विचारणारे माणूस त्याला घरातच भेटायला हवे.