पांढरीचा भार

लेखमाला : कोप आणि कारण (भाग सहावा)

मागच्या आठवड्यात आपण १७५५ सालच्या लिस्बनमध्ये होतो. सर्व संतांचा सण, माणसांनी भरलेली चर्चं आणि नेमका त्याच सकाळी झालेला भूकंप. तो भाग वाचून काहींनी विचारलं, की पोर्तुगालचं राहू द्या, आपल्याकडे काय झालं ते सांगा. सांगायला हवंच. आपल्याकडेही सणाचीच रात्र होती.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवरच्या गावांतून गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले, दमून झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तळणी, राजेगाव, पेठसांगवी. ज्यांची नावं तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हती ती गावं दुसऱ्या दिवशी देशभर कळली. सरकारी नोंदीत ७,९२८ माणसं गेली. दहा हजारांच्या आसपासचा आकडाही सांगितला जातो.

विघ्नहर्त्याला निरोप दिल्यावर काही तासांत हे विघ्न. मग जे बोललं जातं ते बोललं गेलंच : पाप वाढलं, कली मातला, धरतीला भार सोसवेना. हे बोलणाऱ्यांना हसण्याचं कारण नाही. घरातली चार माणसं एका पहाटेत गेली, तर प्रस्तर आणि भ्रंशरेषा यांच्या भाषेत कुणी रडत नाही. माणसाला आधी ‘का’ हवं असतं, ‘कसं’ नंतर. आणि ‘का’चं उत्तर पंचांगात, पुराणात, गावच्या पारावर लगेच मिळतं.

हे उत्तर फक्त पारावर मिळतं असंही नाही.

१५ जानेवारी १९३४ ला दुपारी सव्वादोनच्या सुमारास उत्तर बिहार आणि नेपाळ हादरले. मुंगेर शहर जवळजवळ भुईसपाट झालं. गंगेच्या उत्तरेच्या मैदानात जमिनीतून पाणी आणि वाळू उसळून शेतं भरली. गांधी त्या वेळी अस्पृश्यतेविरुद्धच्या दौऱ्यावर दक्षिणेत होते. २४ जानेवारीला तिरुनेलवेलीच्या सभेत ते म्हणाले की अस्पृश्यतेच्या पापाची ही शिक्षा आहे असं मला वाटतं. बोलण्याच्या ओघात निसटलेलं वाक्य नव्हतं ते. नंतरही ते त्यावर ठाम राहिले.

रवींद्रनाथ अस्वस्थ झाले. त्यांनी लेखी उत्तर पाठवलं आणि गांधींनी ते आपल्याच ‘हरिजन’मध्ये १६ फेब्रुवारीला छापलं. (आजच्या वादपटूंनी या एवढ्या गोष्टीचा जरूर विचार करावा.) रवींद्रनाथांचं म्हणणं दुहेरी होतं. एक, निसर्गातल्या घडामोडी भौतिक कारणांनी घडतात, त्यांना नीतीच्या हिशेबात ओढलं की देव माणसाहूनही अन्यायी ठरतो, कारण अशा शिक्षेत निरपराध आधी मरतात. आणि दुसरं मला जास्त धारदार वाटतं : हे हत्यार गांधींपेक्षा त्यांच्या विरोधकांच्या हातात अधिक शोभेल. सनातनी उद्या म्हणतील की मंदिरं सगळ्यांना उघडी करण्याच्या पापाचीच ही शिक्षा. आणि तेव्हाच्या सनातन्यांनी नेमकं तसंच म्हटलंही.

गांधींच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. दैवी शिक्षेची भाषा करणारे सहसा बोट दुसऱ्याकडे दाखवतात. गांधींनी ते स्वतःकडे, सवर्ण हिंदूंकडे वळवलं. आणि प्रवचन देऊन ते थांबले नाहीत, मार्चमध्ये स्वतः बिहारमध्ये गेले. मदतकार्याचं नेतृत्व राजेंद्रप्रसादांकडे होतं, नुकतेच तुरुंगातून सुटलेले. नेहरू मुंगेरमध्ये ढिगारे उपसायला उभे राहिले, आणि गांधींचं हे विधान आपल्याला किती खटकलं ते त्यांनी आत्मचरित्रात स्पष्ट लिहिलं. म्हणजे एकाच ढिगाऱ्यावर फावडी चालत होती आणि तो का पडला यावर एकमत नव्हतं. मदतीसाठी एकमत लागत नाही, हे पाहून मला नेहमी थोडं बरं वाटतं.

पण त्या वादात एक प्रश्न कुणीच विचारला नाही. रवींद्रनाथांनीही नाही. भौतिक कारण म्हणताना त्यांच्या मनात जमिनीखालचं कारण होतं. भिंतीचं काय?

इथे थोडं गणित करू. १९३४ चा भूकंप सुमारे ८ तीव्रतेचा होता, किल्लारीचा सुमारे ६.२. तीव्रतेची मोजपट्टी सरळ चढत नाही. एका अंकाने पुढे गेलं की ऊर्जा तीसेक पटींनी वाढते. त्या हिशेबाने बिहारच्या भूकंपात किल्लारीच्या काही शेकडा पट ऊर्जा होती. त्यात भारत आणि नेपाळ मिळून, शेकडो मैलांच्या टापूत, दहा ते बारा हजार माणसं गेली. किल्लारीला जवळपास तितकीच माणसं काही डझन गावांत गेली. वेळेचा फरक आहेच. तिकडे दुपार, इकडे गाढ झोपेची पहाट. शिवाय किल्लारीचा धक्का उथळ, थेट गावांच्या पायाखालचा. तरी एवढ्याने हिशेब पुरा होत नाही.

जुन्या गावगाड्यात जमीन दोन रंगांची. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. पांढरीतलीच चिकट माती मराठवाड्यातल्या घरांच्या डोक्यावर असायची. माळवद म्हणतात ते हेच. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर मातीचा थर. पावसाळ्यापूर्वी गळती नको म्हणून दरवर्षी वर नवी माती पडायची. जुनी खरवडून काढायची पद्धत सगळीकडे नव्हती. आज्याच्या काळातला वीतभर थर नातवाच्या काळात हातभर व्हायचा. दहा बाय बारा फुटांच्या एका खोलीवर अर्धा मीटर माती धरली तर साधारण नऊ टन होतात. एक मालट्रक रिकामा करून वर ठेवावा तसं. त्याच्याखाली पाळणा.

यात मूर्खपणा शोधू नका. उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणाऱ्या प्रदेशात हेच छप्पर घर गार ठेवतं. पत्र्याखाली दुपार काढलेल्या कुणालाही विचारा.

भिंती दोन-अडीच फूट जाड, कुठे त्याहूनही जास्त. दिसायला किल्ल्यासारख्या. पण ती भिंत एक नसून दोन असत. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे दगडाचे तुकडे आणि चिखल. दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगड क्वचितच. अशा भिंतीला पावसाळ्यात पोट सुटतं हे प्रत्येक गवंड्याला माहीत असतं. मग तो टेकू देतो. भूकंपात ते पोट एका क्षणात फुटतं, एक थर रस्त्यात पडतो, दुसरा झोपलेल्यांवर. कित्येक घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या आणि सभोवतालच्या भिंती कोसळल्या.

ज्यांना माळवदाची ऐपत नव्हती त्यांच्या कुडाच्या झोपड्या, गवती छपरांची खोपटं बऱ्याच अंशी टिकली. पडली तरी माणूस त्यातून निघून आला. पापाचा सिद्धांत मांडणाऱ्याने ही ओळ त्याच्या वहीत कुठेतरी बसवून दाखवावी. गावातलं सगळ्यात प्रतिष्ठित घर बहुधा सगळ्यात जड होतं.

आता इथे एक जागा घसरायची आहे, आणि शिकलेली माणसं हमखास तिथेच घसरतात. ‘पाप’ हा शब्द खोडून त्या जागी ‘अडाणीपणा’ लिहायचा. खेडूत अडाणी, घरं चुकीची बांधली, म्हणून मेले. प्रवचनकार बदलला, प्रवचन तेच. मेलेल्यांच्याच माथी दोष. खरं म्हणजे त्या घरातल्या बाईने वास्तुशांत केली होती, मुहूर्त पाहिला होता, दारावर गणपती बसवला होता. तिला जी काळजी घेता येत होती ती सगळी तिने घेतली होती. भिंतीच्या पोटात आरपार दगड आहे का हे विचारायचं असतं, हे तिला सांगणारं कोण होतं?

सांगता आलं असतं असे लोक होते. भूकंप सोसतील अशी घरं कशी बांधावीत, हे भारतीय मानक संस्थेने १९६७ सालीच कागदावर आणलं होतं. त्याच वर्षी ११ डिसेंबरला कोयनेचा भूकंप झाला. पण १९९३ मध्ये देशाचा भूकंपप्रवण नकाशा पाच विभागांचा होता आणि किल्लारी पहिल्या, म्हणजे सर्वांत सुरक्षित विभागात होती. सुरक्षित गावातल्या गवंड्यापर्यंत तो कागद पोचण्याचं कारणच नव्हतं. दख्खनचा पाषाण प्राचीन, स्थिर, इथे मोठं काही होत नाही, ही त्या काळातली शास्त्रीय समजूत होती. तीही एक श्रद्धाच म्हणायची, आणि तिला पंचांगाइतकाही नियमित आढावा नव्हता. कोयनेनंतर नकाशा बदलला, किल्लारीनंतर पुन्हा बदलला. २००२ पासून ‘पहिला विभाग’ नकाशावर उरलाच नाही. दोन्ही वेळा दुरुस्ती माणसं गेल्यावर झाली.

आणि इशारा नव्हता असं नाही. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारी परिसरात शंभरावर लहान धक्के बसले. १८ ऑक्टोबरचा त्यातला मोठा. लोक घाबरले. मग धक्के थांबले, आणि धक्के थांबले की माणसं घरात परततात. छोट्या धक्क्यांमागून मोठा येईलच असं कुठलंही शास्त्र आजही सांगू शकत नाही, हे मान्य. परंतु भूकंपाचं भाकीत आणि भिंतीची तपासणी या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीला भविष्य कळावं लागत नाही. मधे अकरा महिने होते.

धरणाचाही संशय घेतला गेला. माकणीचा निम्न तेरणा जलाशय जवळच. कोयना धरणाजवळच्या भूकंपाचं उदाहरण समोर होतं, तेव्हा संशय येणं साहजिक. शास्त्रज्ञांत त्यावर मतभेद राहिले. किल्लारीला पुढे खोल विंधनविवर घेतलं. काळ्या खडकाचं कवच सुमारे ३३८ मीटरवर संपतं आणि खाली फार जुना खडक लागतो, एवढं त्यातून कळलं.

पुनर्वसनाची हकिकत मोठी आहे, मी त्यातली दोनच टोकं धरतो. जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा प्रकल्प उभा राहिला. ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या जागी वसवली गेली. बाकी गावांत होती ती घरं दुरुस्त आणि मजबूत करायची होती, आणि हे काम मला नव्या गावांपेक्षा मोलाचं वाटतं, जरी छायाचित्रं नव्या गावांचीच छापली गेली. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. कोपऱ्यात सळई कुठे घालायची, चौकटींच्या डोक्यावरून सगळ्या घराला सलग पट्टा का बांधायचा, माळवदावरची माती किती उतरवायची, हे त्या शेजारणीला समजावू लागल्या. गवंड्याला जाब विचारू लागल्या. ज्या बाईला वास्तुशांतीत फक्त पाटावर बसायला मिळत होतं ती आता पायाच्या खड्ड्यापाशी उभी राहून सिमेंटची पोती मोजत होती. वास्तुशांत तिने सोडली नाही, आणि सोडावी असं तिला कुणी सांगायची गरजही नव्हती.

दुसरं टोक तितकं सुखाचं नाही. नव्या गावांत रस्ते रुंद, घरं ओळीने, शहरातल्या वसाहतीसारखी. गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, म्हातारीने सावलीला कुठे बसायचं, याचा विचार आराखड्यात तुटपुंजा. कुटुंबं वाढली, भाऊ वेगळे झाले, खोल्या पुरेनात. मग लोकांनी वाढीव बांधकाम केलं. जुन्या गावात दगड पडलेलेच होते. या वसाहतींचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवून ठेवलंय, की काही ठिकाणी भूकंपरोधक घराला चिकटून पुन्हा तीच भिंत उभी राहिली. जुन्या दगडांची, चिखलात रचलेली.

दर ३० सप्टेंबरला जुन्या किल्लारीत स्मृतिस्तंभापाशी लोक जमतात, पोलीस हवेत फैरी झाडून सलामी देतात. चंद्राच्या पंचांगामुळे अनंत चतुर्दशी मात्र त्या तारखेला क्वचितच येते. बहुतेक वर्षी विसर्जन वेगळ्या दिवशी, श्रद्धांजली वेगळ्या दिवशी. त्या आवाराच्या आसपास पडक्या घरांचे दगड अजून पसरलेले आहेत, आणि ते फुकट आहेत.

(पुढच्या आठवड्यात : माळीण, ३० जुलै २०१४. तिथे भिंत नव्हे, डोंगर आला.)