माउथ ऑर्गन आणि गाणाऱ्याची पट्टी

पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनीं उत्तरायुष्यांत ज्या नाशकास आपलें केलें, त्या नगरीच्या घराघरांतून कोजागिरीच्या रात्रीं गाण्याच्या बैठकी जमाव्या, यांत नवल नाहीं. अशा बैठकींत एखादा तरुण खिशांतून माउथ ऑर्गन काढतो, साथीस बसतो, आणि पहिल्याच ओळीला रंगाचा बेरंग होतो. दोष त्याच्या श्वासाचा नसतो. आणलेल्या वाद्याच्या पट्टीचा असतो.

तंबोऱ्याला खुंटी आहे, तबल्याला गठ्ठे आहेत, पेटीवाला बोटें दोन घरें सरकवितो. दहा छिद्रांच्या साध्या माउथ ऑर्गनचा षड्ज मात्र कारखान्यांतच कायमचा ठरलेला असतो. त्याच्यावर ‘सी’ असें कोरलें असेल, तर तो पांढरी एकचा. ‘जी’ असेल, तर पांढरी पाचचा.

म्हणून वाजविणाऱ्यानें आधीं दोन गोष्टी विचाराव्या : गाणाऱ्याचा षड्ज कोणता, आणि पदाचे स्वर कोणते? समजा, गाणाऱ्या बाईंचा षड्ज पांढरी पाच आहे. पद बिलावल थाटाचें, म्हणजे सर्व शुद्ध स्वरांचें असेल, तर ‘जी’चें वाद्य घ्यावें. खमाजाचें असेल, तर कोमल निषाद हवा. तेथें ‘सी’चें वाद्य घेऊन त्याच्या पंचमालाच षड्ज मानावें. काफीचें असेल, तर ‘एफ’चें घेऊन त्याच्या ऋषभावर षड्ज धरावा, कोमल गांधार व कोमल निषाद आपोआप मिळतात. आपल्या शास्त्रांतील मूर्च्छना ती हीच.

एक सावधगिरी मात्र हवी. या वाद्यांत सातहि स्वर सलग मिळतात ते चौथ्यापासून सातव्या छिद्रापर्यंत. खालच्या सप्तकांत मध्यम व धैवत नाहींत, वरच्यांत निषाद नाहीं. यामुळें पंचमावरून खमाज वाजवितांना सहाव्या छिद्रापासून वर जावें; खालीं उतरल्यास ऋषभ सहजीं सांपडत नाहीं. भैरव, तोडी, मारवा यांना तर हा उपायच चालत नाहीं. तेथें कळ दाबून अर्धा स्वर चढणारें वाद्य लागतें.

आणि जुळती पट्टी जवळ नसली तर? बाईंनीं गळा चढवावा किंवा उतरवावा, असा आग्रह धरूं नये. दोन स्वरांच्या फरकानें तार सप्तकांत आवाज फाटतो, नाहींतर मंद्रांत बुडतो. अशा वेळीं माउथ ऑर्गन खिशांत ठेवून टाळ हातीं घेणें, हीहि साथच होय.