शिक्षणयंत्र आणि संशोधनाची मांडणी

शिक्षणातील यंत्राचा लाभ केवळ विज्ञानशाखेपुरता का असावा? अमेरिकेतील डार्टमथ हे मानव्यविद्या व शास्त्रे एकत्र शिकविणारे महाविद्यालय. तेथील गणिताचे प्राध्यापक केमेनी व कुर्ट्झ यांनी १९६४ साली ‘बेसिक’ ही सोपी संगणकभाषा सिद्ध केली. एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येऊ लागला. साहित्याच्या विद्यार्थ्यालाही स्वतः आज्ञावली लिहिता येई, आपली चूक शोधून सुधारता येई.

पुढे १९८७ साली, अशाच शिक्षणपरंपरेच्या ॲशव्हिल येथील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, पदवीपूर्व विद्यार्थ्यांची राष्ट्रीय संशोधन परिषद प्रथम भरली. तेथे विद्यार्थ्यांनी आपले संशोधन श्रोत्यांपुढे मांडले.

दोहोंचे मर्म एकच: साधन हाती आले, की उत्तरदायित्वही येते. विद्यार्थ्याने निष्कर्षाबरोबर तो कसा काढला, हेही सांगावे; शिक्षकाने तेच प्रथम विचारावे.