गिरडच्या गडावर गुरुवार

मार्गशीर्षातला गुरुवार. मोठी आई पहाटेच नाहून, देव्हाऱ्यापुढे लक्ष्मीचा कलश मांडून निघाली आहे. दिवसभराचा उपास आहे, पोथी संध्याकाळी वाचायची आहे, आणि मधल्या वेळात ती मला घेऊन गिरडला, शेख फरीदबाबांच्या दर्ग्यावर चालली आहे. "देवीचा बी गुरवार, बाबाचा बी गुरवार," देवळीच्या स्टँडवर एसटीत जागा धरता धरता ती सांगते. यात समजावून सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नाही.

वर्धा, हिंगणघाट, समुद्रपूर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटला आहे, तुरी शेंगांवर आल्या आहेत. हिंगणघाटच्या बाजाराकडे निघालेल्या गाड्यांतून पांढरे पुंजके उडून बाभळींना अडकतात. जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, समुद्रपूर तालुक्यात हे गिरड. गावात रामाचं मंदिर आणि गावाशेजारच्या टेकडीवर दर्गा. लोक टेकडीला गडच म्हणतात.

चढताना मोठी आई मध्येच थांबते, वाकते, एक दगड उचलून माझ्या तळहातावर ठेवते. गोल, खरबरीत, सुपारीएवढा. पुढे जायफळासारखा एक, त्याच्यापुढे नारळाच्या घाटाचा एक. या दगडांची कथा ती दम खात सांगते आणि मी तिच्याबरोबर पायरीवर बसून ऐकतो. दोन फिरते व्यापारी इथून चालले होते. त्यांनी फकिराची टर उडवली, आणि त्यांचा सगळा माल जागच्या जागी दगड झाला. ते पाया पडले, रडले. बाबांना दया आली. त्यांनी वाळलेल्या पाल्यापाचोळ्यातून त्यांना नवा माल करून दिला. पण व्यापारी माल घेऊन गेलेच नाहीत. ते बाबांच्या सेवेत राहिले, इथेच मेले. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरातही ही कथा नोंदलेली आहे, आणि गडावरच्या दोन कबरी त्यांच्याच असल्याचं म्हटलं आहे.

भूगर्भशास्त्र या गोट्यांना झिओलाइट म्हणतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजं साठली. वरचा काळा दगड झिजला तसे हे गोटे सुटे झाले. मला दोन्ही हकिकती हव्या आहेत. दगड कसा झाला ते शास्त्र सांगतं. टर उडवणाऱ्याला माफी कशी मिळाली, आणि माफी मिळाल्यावर त्याचा पाय इथून का निघाला नाही, ते मोठी आई सांगते. तिच्या कथेत कुणी कुणाचा धर्म विचारत नाही.

वर वारा आहे. लोभानाचा वास आधी येतो, मग हिरव्या चादरी दिसतात. कोपऱ्यावर फुलं, अगरबत्त्या, इलायचीदाणे, नारळ. रांगेत पुढे एक टोपी घातलेले आजोबा, मागे कपाळभर कुंकू लावलेली नवी सून, कडेवर तान्हं. मोठी आई पदर डोक्यावर घेते. मी रुमाल बांधतो. मुजावर मोरपिसांची जुडी डोक्यावरून फिरवतात आणि अस्सल वऱ्हाडीत म्हणतात, "बस माय, दम खाय. आज उपास असंन तुमचा."

"हाव ना बाप्पा."

"मंग ही शिरणी घरी ने. लेकराइले दे."

ती शिरणी पदराच्या टोकाला बांधते. उपास तिचा, पण तो सांभाळायची काळजी त्यांना आहे.

आम्ही बाहेर सावलीत, फरशीवर बसतो. इथे मला जे होतं आहे ते नीट सांगावंसं वाटतं. आपल्या देवळात मी गेलो की माझ्याबरोबर माझा हिशेबही आत येतो: कोणता नवस फेडायचा राहिला, प्रदक्षिणा किती झाल्या, आरतीतलं कोणतं कडवं चुकलं. इथे मला काहीच येत नाही. ना प्रार्थनेचे शब्द, ना रीत. आणि मला ते यावं असं इथे कुणाला वाटतही नाही. मी पाहुणा आहे. पाहुण्याने फक्त बसायचं असतं. मागण्यासारखं काही सुचत नाही आणि ते न सुचणं गोड वाटतं. श्वास हळू होतो. शेजारी मोठी आई ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटते आहे. कान देतो तर हरिपाठ. दर्ग्याच्या भिंतीला पाठ टेकून ती हरिपाठ म्हणते आहे, समोर एक बाई हात पसरून दुआ मागते आहे, आणि कुणाचा आवाज कुणाला अडवत नाही.

भाविक मानतात की पंजाबातले तेच बाबा फरीद इथे तपाला बसले होते. त्यांची कबर पाकपट्टणला आहे, निजामुद्दीन औलिया त्यांचे शिष्य, आणि त्यांच्या नावाचे श्लोक शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. एका मुसलमान फकिराचे बोल दुसऱ्या धर्माच्या ग्रंथात माथ्यावर घेतले जातात, त्याच्या नावाच्या गडावर देवळीची म्हातारी हरिपाठ म्हणते. दोन्हींत मला एकच धागा दिसतो.

आणि आठवतं तेही सांगतो. आमच्याच जिल्ह्यात, आमच्याच धर्माच्या माणसांना देवळात पाऊल टाकू द्यायला १९२८ साल उजाडावं लागलं. जमनालाल बजाजांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं ते तेव्हा. त्याआधी ज्यांना देवळाच्या पायरीवरून परत पाठवलं जात होतं, त्यांना आपलं दुःख कुठे ठेवता येत असेल याचा विचार मी या फरशीवर बसून करतो. कुणालाही 'बस माय' म्हणणाऱ्या जागेची किंमत तेव्हा कळते.

झाडांखाली नवसाच्या चुली पेटल्या आहेत. धूर खालच्या शेतांवर जातो. मोठी आई उठते, गुडघे चोळते. "चाल बाबू, देवीची पूजा करा लागते."

वर्ध्याकडच्या वाचकांना माझी एक विनंती आहे. अजमेरला जा, शिर्डीला जा, पण एखाद्या गुरुवारी गिरडला नुसतं बसायला जा. काही मागू नका. दगड उचलून पाहा आणि परत जागेवर ठेवा. आणि हा गड अमक्याचाच आहे असं सांगत कुणी आलं, तर त्याचं ऐकू नका. तो आजवर सगळ्यांचा राहिला आहे; तसाच राखणं आपलं काम आहे.