कोल्हापुरात सापडलेला ग्रीक समुद्रदेव ‘कॉपी’ आहे, तरीही तो मोलाचा का?

कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयाच्या संग्रहात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आहे. उंची वीतभरही नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात ती सापडली.

कॉपी कशी?
मूर्ती रोमन काळातली, घडण मात्र ग्रीक. इ. स. पूर्व चौथ्या शतकातला ग्रीक शिल्पकार लिसिपॉस याच्या शैलीशी अभ्यासक तिचं नातं जोडतात.

रोमन कारागीर नक्कल कशी करत?
ग्रीक मूर्तींचे प्लास्टरचे ठसे घेऊन. इटलीत बाया इथे १९५४ मध्ये अशा ठशांचे तुकडे मिळाले. संगमरवरी उठावशिल्पांच्याही प्रती निघत. ऑर्फियस आणि युरिडिसी यांच्या ताटातुटीचं मूळ ग्रीक शिल्प आज नाही; नेपल्स आणि पॅरिसच्या संग्रहालयांत आहेत त्या रोमन प्रती.

मग महत्त्व कशाचं?
बहुतेक ग्रीक कांस्यमूर्ती पुढे धातूसाठी वितळवल्या गेल्या. त्या कशा दिसत, हे आज बरंचसं प्रतींवरूनच कळतं.

कोल्हापूरपर्यंत कशी आली?
सातवाहन काळात रोमन जगातली जहाजं मोसमी वाऱ्यांवर पश्चिम किनारा गाठत. सोपारा, कल्याण, चौल ही बंदरं गजबजलेली होती. तिथून माल घाट चढून वर जाई. ब्रह्मपुरीत या मूर्तीसोबत इतर रोमन कांस्यवस्तूही मिळाल्या. म्हणजे आपल्याकडच्या व्यापाराचा हा अस्सल पुरावा आहे, मूर्ती नक्कल असली तरी.