जीव एक, मंत्र एक

लुडोच्या डब्यातले दोन आणि व्यापारच्या डब्यातला एक, असे तीन फासे घेऊन मी हा लेख लिहायला बसलो आहे. तिन्ही एकदम टाकायचे, बेरीज करायची, कागदावर लिहायची. असं सहा वेळा. नावडला म्हणून आकडा परत टाकायचा नाही. पहिला आकडा ताकदीचा, दुसरा बुद्धीचा, मग शहाणपण, चपळाई, काटकपणा आणि शेवटी लोकांवर पडणारी छाप. माझे आकडे आले ८, १३, १०, १२, ७, १४.

म्हणजे अंगाने किडकिडीत, वरचेवर आजारी पडणारा, पण डोक्याने बरा आणि बोलायला गोड असा एक माणूस माझ्या कागदावर येऊन बसलाय. याला आता भुयारात उतरवायचं आहे. तिथे गॉब्लिन आहेत, हिंडते सांगाडे आहेत, विषारी सुया लपवलेल्या पेट्या आहेत आणि अर्थात सोनं आहे. प्रश्न एवढाच, की हा माणूस तिथे जाऊन करणार काय?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात या प्रश्नाच्या उत्तराला क्लास म्हणतात. (मराठी घरात क्लास म्हटलं की आधी शिकवणी आठवते. पण खेळणारे सगळे हाच शब्द वापरतात, म्हणून मीही.) खेळाला पट नसला तरी चालतं. एक जण डंजन मास्टर होतो आणि समोर काय दिसतंय ते सांगतो, बाकीचे आपापलं पात्र काय करतंय ते सांगतात, आणि जिथे नशिबाचा भाग येतो तिथे फासे पडतात. आज हा खेळ शिकणारी मुलं बहुतेक वेळा आधी मनात नायक रंगवतात आणि मग त्याला शोभतील असे आकडे बसवतात. जुन्या पद्धतीत उलटं. आधी फासे, मग त्यांतून काय निघतंय ते बघायचं. मी समोर ठेवलेले नियम १९८१ सालचे आहेत, टॉम मोल्डव्हे यांनी सिद्ध केलेल्या ६४ पानी 'बेसिक' पुस्तकातले.

पण क्लास आले कुठून? मला या खेळातली सगळ्यात गंमतशीर गोष्ट हीच वाटते. कुणी मनुष्यस्वभावाचा अभ्यास करून ते ठरवलेले नाहीत. प्रत्येकामागे कुठलीतरी अडचण आहे, कुणाचं तरी आवडतं पुस्तक आहे किंवा टेबलावरचं भांडण आहे.

लढवय्याचं घ्या. १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी 'चेनमेल' नावाचे नियम छापले. ते मध्ययुगीन लढायांचे होते, आणि मोठ्या लढाईत टेबलावरच्या एका बाहुलीमागे वीस सैनिक धरायचे. शेवटी काल्पनिक कथांसाठी एक पुरवणी होती. तिच्यात 'हीरो' म्हणजे चार माणसांच्या ताकदीने लढणारा एकटा वीर, आणि 'सुपरहीरो' म्हणजे आठांच्या. तीन वर्षांनी, १९७४ साली, गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाहेर पडला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. त्यात चौथ्या पातळीला पोचलेल्या लढवय्याचा किताब आहे 'हीरो', आणि आठव्या पातळीच्या लढवय्याचा 'सुपरहीरो'. चार माणसांचा चौथ्यावर, आठांचा आठव्यावर. मला हे कळलं तेव्हा मी अक्षरशः पुस्तक मिटून बसून राहिलो. 'लेव्हल अप' हा शब्द आज मोबाइलवर खेळणारं शेंबडं पोरही वापरतं, आणि त्याच्या मुळाशी ही साधी शिरगणती आहे.

क्लेरिकची कथा याहून न्यारी. अर्नेसनचा गट मिनेसोटातल्या जुळ्या शहरांत, ब्लॅकमूर नावाच्या कल्पित मुलखात खेळायचा. तिथे एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं, सर फँग नावाचा, आणि तो इतका माजला की बाकीच्यांना खेळणं अवघड झालं. त्याला आवरायला माइक कार या खेळाडूच्या वाट्याला एक पुजारी आला. हॅमर कंपनीच्या ड्रॅक्युलापटांत पीटर कुशिंग क्रूस उगारून व्हॅन हेल्सिंग रंगवतो, तो नमुना डोळ्यांपुढे होता. १९८१ च्या नियमांतही क्लेरिकचं पहिलं काम तेच. पवित्र चिन्ह उगारायचं आणि प्रेतं पळवून लावायची. पहिल्या पातळीच्या क्लेरिकने दोन फाशांवर ७ किंवा जास्त टाकले की सांगाडे पाठ फिरवतात. छत्तीसांतल्या एकवीस वेळा तरी हे जमतं.

त्याला धारदार शस्त्र मात्र वर्ज्य. गदा चालेल, हातोडा चालेल, तलवार नाही, कारण धर्माच्या माणसाने रक्त सांडायचं नाही. गदेने कवटी फुटली की रक्त येत नाही असा हा गोड समज. त्याचा धागा लोक बायोच्या भरतकामापर्यंत नेतात. १०६६ सालची हेस्टिंग्जची लढाई सुमारे सत्तर मीटर लांबीच्या कापडावर टाके घालून चितारली आहे, तिच्यात बिशप ओडो घोड्यावर सोटा घेऊन दिसतो. एका टाक्याने एवढा नियम विणला गेला असेल तर शाबास त्या विणणारणीची. जाता जाता आपल्या कामाची गोष्ट: १९७७ सालच्या राक्षसांच्या कोशात खुद्द आपला राक्षसही आहे, वाघाच्या डोक्याचा, ऐटीत बसलेला. क्लेरिकने आशीर्वाद दिलेला आडव्या धनुष्याचा बाण लागला की तो जागच्या जागी मरतो. रावणाला हे कुणी आधी सांगितलं असतं तर युद्धकांड फार लहान झालं असतं.

जादूगार जॅक व्हान्सच्या १९५० सालच्या 'द डायिंग अर्थ' या पुस्तकातून आला. तिथे मंत्र इतका अवजड असतो की डोक्यात मोजकेच मावतात, आणि उच्चारला की पुसला जातो. परत हवा तर परत पाठ करा. पेपर लिहून वर्गाबाहेर आल्या आल्या सनावळ्या विसरणाऱ्या आपल्या पिढ्यांना हे समजावून सांगायची गरज नसावी. पहिल्या पातळीच्या जादूगाराला दिवसाला एकच मंत्र मिळतो. चिलखत नाही, ढाल नाही, शस्त्र म्हणून फक्त खंजीर.

चोर १९७५ च्या पुरवणीत आला, आणि माझ्या मते तिथे खेळाचं थोडं नुकसान झालं. तोवर दबकत जाणं, भिंत चढणं, पेटी तपासणं ही सगळ्यांचीच कामं होती. कसं करतोस ते बोलून सांगायचं. चोराला त्यांचे टक्के मिळाले आणि बाकीच्यांनी हात झटकले. बरं, ते टक्के तरी कसे? नवशिक्या चोराला भिंत ८७ टक्के चढता येते, पण कुलूप १५ टक्केच उघडतं आणि सापळा १० टक्केच सापडतो. मोल्डव्हेच्या पुस्तकात नमुन्यादाखल एक डाव दिला आहे, त्यात ब्लॅक डूगल नावाचा चोर पेटीतली विषारी सुई लागून मरतो. बरोबरचा बुटका फ्रेडरिक लगेच त्याची पिशवी उचलतो, सोनं भरायला. खेळ शिकवणाऱ्या पुस्तकाने नमुन्याच्या डावातच विद्यार्थी मारावा, याला धाडस लागतं.

उरले बुटके, एल्फ आणि हाफलिंग, म्हणजे माणसांखेरीजच्या जमाती. १९८१ च्या नियमांत ते स्वतःच क्लास आहेत. बुटका म्हणजे बुटकाच, बुटका जादूगार वगैरे भानगड नाही. आपल्याकडच्या वाचकाला इथे बलुतेदारी आठवली तर मी काही बोलणार नाही. एल्फ लढतोही आणि मंत्रही म्हणतो. असा माणूस सगळ्यांनीच का घेऊ नये?

त्याचं उत्तर पुस्तकाच्या कोरड्या तक्त्यांत दडलंय. भुयारातून आणलेल्या दर सोन्याच्या नाण्यामागे अनुभवाचा एक गुण मिळतो, आणि दुसरी पातळी गाठायला चोराला १,२०० गुण पुरतात, क्लेरिकला १,५००, लढवय्याला २,०००, जादूगाराला २,५००, एल्फला ४,०००. प्रत्येकाला २०,००० गुण देऊन पाहा. चोर सहाव्या पातळीवर असेल, एल्फ अजून चौथ्यावर. क्लास निवडताना आपण आयुष्याचा वेगही निवडत असतो. जादूगार मात्र त्याच २०,००० गुणांना पाचवी पातळी गाठतो, आणि तिथून पुढे आगीचा गोळा फेकण्याइतका मोठा होतो. तोवर जगला तर.

आता माझा किडकिडीत माणूस. ताकद ८, म्हणजे लढवय्या बाद. काटकपणा ७, आणि बुटक्याला व हाफलिंगला किमान ९ लागतो. एल्फ होता येईल, पण ४,००० गुणांची वाट बघायला मी काही तरुण नाही. बुद्धी १३ असल्याने जादूगाराला गुणांवर पाच टक्के वाढ मिळते. ठरलं. किती मार सोसेल ते काढायला जादूगाराला चार बाजूंचा फासा. तो माझ्याकडे नाही, म्हणून चार चिठ्ठ्या टाकून एक उचलली. २ आला. नाजूक तब्येतीचा एक वजा. उरला १.

एक! मांजराने ओरबाडलं तरी खलास. पण हाच माणूस झोपेचा मंत्र म्हणाला, तर आठ बाजूंच्या दोन फाशांवर जितके पडतील तितके गॉब्लिन, सरासरीने नऊ, जागच्या जागी घोरायला लागतात. त्यातून वाचायचा फासा टाकायची सोयही त्यांना नाही. दिवसातून एकदा. ते कधी, हे ठरवण्यात त्याचं सगळं आयुष्य.

पैशाचा फासा पडला ९०. खंजीर ३, दहा फुटी काठी १, दोर १, सहा मशाली १, पाठीवरची पिशवी ५, चकमक ३, शिधा ५. एकोणीस नाणी गेली, एकाहत्तर उरली. छाप १४ असल्याने पाचपर्यंत माणसं पदरी ठेवता येतात. मी दोन ठेवतोय. ती पुढे चालतील.