बोट काळं पडण्याआधी

सोलापूरकडच्या गटांच्या बैठकांत आम्हाला हे नेहमी ऐकू येतं: चाललं की पोटरीत गोळा येतो, बांधावर जरा टेकलं की थांबतो. आपण म्हणतो, वय झालं. पण पायाच्या धमनीत चरबी साठून रक्ताची वाट अरुंद झाली, तरी असंच होतं. साखरेचा आजार आणि तंबाखू ही मोठी कारणं. मिश्रीसुद्धा तंबाखूच, बरं का!

साखर असली की पाय बधिर होतो, दुखणं कळतच नाही. चप्पल घासून झालेली जखम आपण हळद लावून बांधतो, ती चिघळते आणि बोट कापायची वेळ येते. तेव्हा डॉक्टरांना विचाराच, पायाला रक्त पोचतंय का? नसेल पोचत, तर कापल्याची जखमही भरत नाही.

तपासणी साधी आहे. दंडाचा रक्तदाब घेतात, तसाच घोट्याचा. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागून ०.९ किंवा त्याहून कमी आलं, तर वाट अडलेली असते. साखरेनं धमनी कडक झाली असेल तर हा आकडा फसवतो. मग डॉप्लर सोनोग्राफी करतात.

वाट मोकळी करायला धमनीत फुगा फुगवतात, नाहीतर पायाचीच शीर वापरून बायपास करतात. आधी काय करावं, यावर डॉक्टरांतही वाद आहे. २०२२ च्या मोठ्या अभ्यासात चांगली शीर असलेल्यांना बायपास सरस ठरला, तर २०२३ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात गुडघ्याखालच्या अडथळ्याला फुगा.

साखर असेल तर पायाच्या जखमेला घरी ठेवू नका. लगेच आरोग्य केंद्रात किंवा सोलापूरच्या सिव्हिलमध्ये दाखवा. पाय अचानक गार, पांढरा पडून ठणकू लागला, तर त्याच तासाला निघा.